सिस्टरचा दुसरा प्रश्न

आमच्या सिस्टर कुठल्याही वस्तूशी ओळख करून घ्यायच्या ती उलट्या हातानं. बोटांची मागची बाजू पुढे यायची आणि समोरच्याच्या कपाळाला टेकायची. समोर माणूस असो, मांजर असो की सोसायटीचा पाण्याचा पंप असो. कपाळ नसलेल्या गोष्टींना ते जिथे असायला हवं होतं असं सिस्टरना वाटेल, तिथे. आमच्याकडे नवा फ्रीज आला तेव्हा पेढा तोंडात टाकण्याआधी त्यांनी फ्रीजच्या दाराला असाच हात लावला, क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाल्या, "गार आहे. बरं आहे." फ्रीज गार असण्यात विशेष काय, असं माझी बायको नीला मला स्वयंपाकघरात हळूच विचारत होती. मी म्हटलं, अगं, फ्रीजबद्दल याहून नेमकं मत आजवर कोणी दिलं असेल असं मला वाटत नाही.

सिस्टर म्हटल्यावर नव्या भाडेकरूंना त्या मठातल्या वाटायच्या. ते जरा दबून हात जोडायचे. पण त्या मठातल्या नव्हेत, वॉर्डातल्या. मुंबईतल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात आयुष्य काढून हेड सिस्टर म्हणून निवृत्त झालेल्या. नाव ब्रिजित, पण ते फक्त लाइटच्या बिलावर दिसायचं. मूळ घर गिरीजला, केळीच्या वाडीत. लग्न केलं नव्हतं, त्यामुळे "माझं माहेर गिरीज आणि सासरही गिरीज" असं त्या सांगायच्या. सकाळच्या पाळीला वेळेवर पोचता यावं म्हणून त्यांनी वसई रोडला स्टेशनजवळ आमच्या समोरचा फ्लॅट घेतला होता. पुढे ड्यूटी संपली, फ्लॅट काही संपला नाही. गिरीज रिक्षानं थोड्याच अंतरावर. पण सिस्टर तिकडे जायच्या त्या पाहुण्यासारख्या, सणावाराला, हातात केकचा डबा घेऊन.

आवाज त्यांनी कधी चढवला नाही. वॉर्डात चढवून चालत नसावं. पण त्या खालच्या पट्टीत असं काही होतं की ऐकणाऱ्याला आपण चुकीच्या खाटेवर झोपलोय असं वाटायचं. एकदा पाण्याच्या टँकरवरून आमच्या सोसायटीची मीटिंग सेक्रेटरी सावंतांच्या घरात इतकी तापली की दोघे जण एकमेकांच्या शर्टाच्या बटणापर्यंत पोचले. सिस्टर उठल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "व्हिजिटर्सनी बाहेर व्हायचं." सगळे निमूटपणे चपला घालून जिन्यात गेले. सगळ्यांबरोबर सावंतही गेले. आपण आपल्याच घरातून बाहेर पडलो आहोत हे त्यांच्या लक्षात यायला एक मजला उतरावा लागला.

पण सिस्टर आमच्या बिल्डिंगमध्ये प्रसिद्ध होत्या त्या त्यांच्या प्रश्नासाठी. कोणी दुखणं सांगायला लागलं की त्या हात वर करून थांबवायच्या. "आजार मला सांगू नको. काय खाल्लंस ते सांग." या सावंतांचंच पोट एकदा बिघडलं. सिस्टरनी विचारलं, काय खाल्लं होतंत? सावंत म्हणाले, "काय नाय वो, साधी पेज." सिस्टर नुसत्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आणि आणखी काय खाल्लंत?" सावंतांनी बायकोकडे एकदा चोरून पाहिलं आणि स्टेशनबाहेरच्या गाडीवरची मूगभजी, तिखट चटणीसकट, कबूल केली. सिस्टरचा हा दुसरा प्रश्न म्हणजे त्यांच्या सगळ्या नोकरीचा अर्क होता. त्या म्हणायच्या, "पहिल्यांदा विचारलं की माणूस जेवण सांगतो. दुसऱ्यांदा विचारलं की भजी सांगतो."

आता माझ्या भज्यांकडे येतो.

मी गोरेगावला एका कारखान्याच्या ऑफिसात होतो. नव्वदचं दशक संपत आलं आणि त्या कारखान्यानं आपल्या फाटकाला कुलूप लावलं. माझ्या वयाचे लोक तेव्हा रिक्षा घेत होते, पोळीभाजी केंद्र काढत होते. मी कॉम्प्युटर घेतला. गॅलरीला काचा बसवल्या, खाली जिन्यापाशी 'डीटीपी' अशी पाटी लावली. डीटीपी म्हणजे काय ते मला कोणी विचारलं नाही हे फार बरं झालं. लग्नपत्रिका, मुंजीची निमंत्रणं, पतपेढीचे अहवाल अशी कामं येत. जातही. पहिल्याच लग्नपत्रिकेत मी नवऱ्या मुलाच्या नावामागे 'चि. सौ. कां.' लावलं होतं. मुलाच्या वडिलांनी पत्रिका माझ्या टेबलावर ठेवून एवढंच विचारलं, "मंगळसूत्रसुद्धा आमच्याच मुलाला घालायचं का?"

अशा माणसासाठी सिस्टरनी शब्द टाकला.

वसईच्या वाड्यांत प्रत्येक आळीचा स्वतःचा क्रूस असतो. रस्त्याच्या कडेला, चुन्यानं रंगवलेला. मे महिन्यात त्याचा सण होतो. नऊ संध्याकाळी क्रुसासमोर फुलं, प्रार्थना आणि उकडलेले चणे, शेवटच्या दिवशी दिव्यांसकट मोठा सण. सिस्टरच्या आळीनं त्या वर्षी क्रुसाची पुस्तिका काढायचं ठरवलं होतं. नऊ दिवसांच्या प्रार्थना, जुने फोटो आणि आळीतल्याच एका निवृत्त मास्तरांनी रचलेलं नवं गीत. पुस्तिका मुंबईला छापायची असं जवळजवळ ठरलं होतं. सिस्टर बैठकीत उठल्या आणि म्हणाल्या, "माझ्या समोर राहतो तो विलास करील. माझा शब्द."

त्यांचा धाकटा भाऊ पास्कू तिथेच होता. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "बाय, तू वाडी सोडून बिल्डिंगीत गेलीस ती गेलीस. आता क्रुसाचं पुस्तकबी बिल्डिंगीत नेतेस?"

हे मला सिस्टरनी स्वतः सांगितलं. सांगताना हसल्या, पण ते हसणं कोरडं होतं. गंमत म्हणजे हाच पास्कू वाडीचा मागचा तुकडा एका बिल्डरला द्यायला निघाला होता आणि फक्त सिस्टरच्या होकारासाठी अडला होता. सिस्टरही नकार देत नव्हत्या. "मी काय आता तिथे जाऊन केळी लावणार आहे?" असं म्हणायच्या. पण आळीतल्या लोकांनी आपल्याला पाहुणी समजावं हे त्यांना लागलं होतं. पुस्तिका वेळेवर आणि नीट झाली तर त्या आळीच्या. नाही झाली तर स्टेशनजवळच्या. एवढं सगळं माझ्या गॅलरीवर अवलंबून होतं.

काम सुरू झालं आणि माझं मशीन धापा टाकायला लागलं. फोटो मोठे, मशीन साधं. एक पान उघडायला सांगितलं की मी आत जाऊन चहा ठेवायचो आणि चहा आधी व्हायचा. मी मुंबईला लॅमिंग्टन रोडला गेलो. दुकानदारानं समजावलं, मेमरी म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. ओटा मोठा, तर एका वेळी जास्त पातेली मावतात. मी मेमरीची एक नवी पट्टी घेतली, घरी येऊन मशीनचं झाकण उघडलं आणि जुन्या पट्टीशेजारी ती खटकन बसवली. बायकोला, सावंतांना आणि दूधवाल्याला बोलावून दाखवलं की पान आता चुटकीसरशी उघडतं. खरोखर उघडायचं. पाच-दहा मिनिटं.

मग पडदा निळा व्हायचा. त्यावर पांढऱ्या अक्षरांत काहीतरी लिहून यायचं, जे वाचून फक्त एवढंच कळायचं की तुमचं केलेलं काम गेलं. कधी निळा नाही व्हायचा, नुसता थिजायचा. बाण एका जागी उभा. मी तो उंदीर टेबलावर घासत बसायचो.

असं झालं की शहाणा माणूस विचार करतो की काल काय बदललं. मी शहाणा नव्हतो आणि पट्टी मी स्वतः बसवली होती, त्यामुळे तिच्याकडे बोट दाखवणं म्हणजे माझ्याकडेच. मी विजेच्या दाबाला दोष दिला. मग व्हायरसला. मग मराठी अक्षरांच्या फॉन्टला, की हे मूळ मशीन इंग्रजी आहे, जोडाक्षरं त्याला झेपत नाहीत. मग खालच्या मजल्यावरच्या सावंतांच्या मिक्सरला. मी काम करत असताना मिक्सर लावू नका, असं मी त्यांना खरंच जाऊन सांगून आलो. सावंतवहिनी जिन्यात भेटेल त्याला सांगत सुटल्या, "आमच्यात चटणी वाटली की ह्यांचा कॉम्प्युटर मरतो म्हणे! मग आता आंबोळी काय पाण्याशी खायची?"

नीला फार बोलत नसे. ती एवढंच म्हणाली, "अहो, तुम्ही त्याचं पोट फाडलं नव्हतं तोवर बरं चाललं होतं."

"पोट नाही फाडलं. झाकण उघडलं."

"तेच ते."

एक दिवस दुपारी सिस्टर पानं तपासायला आल्या. मी प्रार्थनेचं पान उघडलं, त्यांनी चष्मा लावला, तिसरी ओळ वाचली आणि त्यांच्या डोळ्यांसमोर पडदा निळा झाला. त्या घाबरल्या नाहीत. खुर्चीतून वाकल्या आणि टेबलाखालच्या डब्याला उलटा हात लावला.

"ताप आहे."

"सिस्टर, मशीन थोडं तापतंच."

"थोडं नाही. चांगला ताप आहे. कधीपासून?"

"दोन-चार दिवस."

"काय खाल्लं होतं?"

मी वीज, व्हायरस आणि चटणी असा सगळा पाढा वाचला. सिस्टरनी हात वर केला. "हे सगळे आजार झाले. मी खाणं विचारलं."

मी पडेल आवाजात म्हटलं, "तशी एक पट्टी घातली आहे."

"पट्टी? कुठं लागलं होतं त्याला?"

मग मी त्यांना मेमरीची पट्टी समजावली, ओट्यासकट. सिस्टरना ओटा लगेच कळला. पण तापावर त्यांचं मन इतकं बसलं होतं की पट्टीकडे त्यांनी लक्षच दिलं नाही. त्यांचं निदान झालं होतं. झाकण काढायला लावलं, आपल्या घरून टेबलफॅन आणला, तो डब्याच्या उघड्या बाजूवर धरला. कपाळावर ओला रुमाल ठेवावा का, असंही त्यांनी विचारलं. तो विचार मी हात जोडून परतवला. टेबलफॅनच्या वाऱ्यानं माझी सगळी कागदपत्रं गॅलरीभर उडाली, मशीन खरोखर गार पडलं आणि गार पडलेलं मशीन पूर्वीच्याच उत्साहानं निळं झालं.

सिस्टर चुकल्या होत्या. त्यांनी पंखा बंद केला, वायर गुंडाळली आणि म्हणाल्या, "ताप हा आजार नसतो. ताप ही खबर असते. मी विसरले. निवृत्त झाल्यावर माणूस विसरतो." असं बिनदिक्कत मान्य करणारी माणसं मी फार पाहिली नाहीत. मी तर रोज आरशात एक पाहतो, जो करत नाही.

नेमका त्याच वेळी पास्कू आला. खांद्यावर केळीचा घड, तोंडात तयार वाक्य. घड त्यानं सिस्टरच्या दारात ठेवला आणि उघड्या दारातून थेट आमच्या गॅलरीत आला. मशीनचं झाकण निघालेलं, आतल्या तारा बाहेर, जमिनीवर उडालेली पानं.

"बाय, पुस्तक झालं काय?"

"होतंय," सिस्टर म्हणाल्या.

"हे होतंय?" त्यानं तारांकडे पाहिलं. "नाय होत असंल तर तसं सांग. फादरांना मी सांगतो. मुंबईला अजून वेळ हाय. आळीत लोक विचारतात, सिस्टरला क्रूस कुठं हाय ते तरी आठवतं काय?"

"लोक विचारतात की तू विचारतोस?"

पास्कू माझ्याकडे वळून म्हणाला, "साहेब, शनिवारपर्यंत छापखान्यात नाय गेलं तर मी येऊन कागद घेऊन जाणार. राग नको."

तो गेला. सिस्टर बराच वेळ केळीच्या घडाकडे बघत राहिल्या. हिरवीगार, आखूड, जाड सालीची केळी. त्यांच्याच वाडीतली. मी म्हटलं, "सिस्टर, देऊ या का मुंबईला? तुम्हाला उगाच—"

"विलास," त्या म्हणाल्या, "पेशंट जिवंत आहे. तू त्याच्या अंगावर चादर ओढू नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या क्रोशाची सुई आणि दोऱ्याचा गुंडा घेऊन आल्या आणि माझ्या शेजारी स्टूल टाकून बसल्या. म्हणाल्या, वॉर्डात एका पेशंटला एका दिवशी दोन नवी औषधं सुरू केली आणि अंगावर पुरळ उठलं, तर ते कशानं उठलं हे देवालाही कळत नाही. म्हणून एक काढायचं आणि बघत बसायचं. दुसरं काही करायचं नाही. "तुला बघत बसता येतं का?" मी हो म्हटलं. नीला आतून म्हणाली, "तेवढंच येतं."

मी नवी पट्टी काढली. जुनी एकटीच ठेवली. मशीन सुरू केलं, पुस्तिका उघडली. मला उठून फॉन्ट बदलायचा होता, वायर हलवून बघायची होती, डब्याला एक चापट मारायची होती. हात नुसता पुढे झाला तरी सिस्टर सुईनं टेबलावर टकटक करायच्या. क्रोशाचं एक फूल झालं. दुसरं अर्धं झालं. आणि पडदा निळा झाला.

मी आनंदानं ओरडलोच. "बघितलंत? नवी पट्टी नव्हतीच आत! म्हणजे माझी पट्टी निर्दोष!" मशीन मेल्यावर टाळ्या वाजवणारा मालक नीलानं पहिल्यांदाच पाहिला. मी तर जिना उतरून सावंतांकडे निघालो होतो, मिक्सरचा विषय पुन्हा काढायला.

"बस," सिस्टर म्हणाल्या.

मी बसलो.

"ही जुनी पट्टी एकटी होती तेव्हा कशी होती?"

"उत्तम. वर्षभर एक दिवस खोडी नाही."

"आणि आज पुन्हा एकटी आहे, तर आजारी."

"हो."

"मग नवी आली आणि गेली, एवढंच झालेलं नाही. मधे आणखी काहीतरी झालंय." त्यांनी सुई खाली ठेवली. माझ्याकडे पाहिलं. सावंतांना भजी आठवली होती ती याच नजरेनं. "विलास, आणि आणखी काय खाल्लंस?"

आता हे तुम्हालाही मी वर सांगितलेलं नाही. बघा, सवय. नवी पट्टी देताना दुकानदार म्हणाला होता, "ये सौ वाली है साहब, तेज भागेगी. सेटअप में जाके सौ कर देना." मशीन चालू होताना एक कळ दाबली की आतलं एक निळसर पान उघडतं. तिथे मेमरी किती वेगानं पळवायची याचा आकडा असतो. माझा होता सहासष्ट. मी ऐटीत शंभर केला. मग मी त्याच पानावरच्या दोन-तीन इतर गोष्टीही केल्या असत्या, पण त्यांचा अर्थ कळेना म्हणून सोडून दिल्या. ते सगळं इतक्या लीलया केलं होतं की त्याला 'काही केलं' म्हणायचं माझ्या मनातच आलं नव्हतं. गाडीवरची भजी ती. ती काय जेवणात धरतात?

मी सिस्टरना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "नवी शंभरनं पळते. आणि जुनी?"

"जुनी... जुनी सहासष्टचीच आहे."

"आणि तू दोघींना शंभरनं पळवलंस."

"दोघींना वेगवेगळं पळवता येत नाही, सिस्टर. एकच आकडा आहे."

"मग माझ्या वॉर्डातल्या म्हातारीला त्या कॉलेजच्या मुलीबरोबर धाव म्हटलंस आणि ती पडली, तर म्हातारीला वाईट का म्हणतोस?" त्यांनी पुन्हा सुई उचलली. "दोघींना हळू चालव. मुलगी काही हळू चालल्यानं मरत नाही."

मी आकडा सहासष्ट केला. जुनी पट्टी एकटी. बघत बसलो. दुसरं फूल पुरं झालं, तिसरं झालं. पडदा शाबूत. मग नवी पट्टी शेजारी बसवली. पुन्हा बघत बसलो. सगळे फोटो एकदम उघडले, खालून वर, वरून खाली. सावंतवहिनींनी मिक्सर लावला. मशीननं मान वर करूनही पाहिलं नाही.

सिस्टरनी डब्याला उलटा हात लावला. "आहे थोडा ताप," म्हणाल्या. "असू दे. माझ्यापण अंगात उन्हाळ्यात असतो."

त्या सकाळचं माझ्यावर फार मोठं ऋण आहे असं मी म्हणणार नाही, सिस्टरना असली वाक्यं ऐकून उचकी लागायची. पण पुढे माझा डीटीपीचा धंदा चालला त्यापेक्षा बिघडलेल्या मशीनचा धंदा जास्त चालला. नायगावपासून विरारपर्यंत लोकांचे डबे माझ्या गॅलरीत येत गेले, मग गॅलरी सोडून मी दुकान घेतलं. लोक म्हणायचे, विलासरावांना फार कळतं. मला फार कळत नव्हतं. गिऱ्हाईक म्हणायचं, "काही केलं नाही हो, आपोआप बंद पडलं." मी मान हलवायचो, थोडा वेळ त्याच्याकडे नुसता बघत राहायचो आणि मग दुसऱ्यांदा विचारायचो. भजी हमखास निघायची. आयुष्यभर एकाच प्रश्नावर पोट भरलेला माणूस माझ्या ओळखीत मीच.

असो. पुस्तिका राहिली. मशीन बरं झाल्याच्या आनंदात मी गेलेली पानं भराभर पुन्हा टाइप केली. मास्तरांचं गीतही त्या निळ्या पडद्यांत गेलं होतं, तेही केलं. सिस्टर म्हणाल्या, "मला एकदा दाखव." मी म्हटलं, "आता काय बघायचंय सिस्टर, मशीन ठणठणीत आहे." आणि पास्कू यायच्या आत पानं छापखान्यात पोचवली. शनिवारी पास्कू आला तेव्हा मी त्याला चहा पाजला आणि छापखान्याचा पत्ता सांगितला. तो जरा नाराजच झाला.

सणाच्या पहिल्या संध्याकाळी सिस्टरनी आम्हा दोघांना गिरीजला नेलं. उन्हं केळीच्या पानांतून तिरकी येत होती. क्रुसाला झेंडूच्या माळा, समोर वाकडीतिकडी बाकं, आळीतली सगळी घरं बाहेर आलेली. प्रत्येकाच्या हातात पुस्तिका. कागद छान, फोटो स्वच्छ. पहिल्या पानावरच्या जुन्या फोटोत सिस्टरची आई चुन्याची बादली घेऊन क्रुसापाशी उभी होती. म्हाताऱ्या बायका बोटानं त्यातली माणसं शोधत होत्या. "ही ब्रिजितची आई न?" "हां, आणि ही ब्रिजित, झग्यात." सिस्टर पुढच्या बाकावर ताठ बसल्या होत्या. पास्कू मागे उभा होता आणि त्याला चूक सापडत नव्हती.

प्रार्थना झाली. फादर म्हणाले, आता मास्तरांचं नवीन गीत, सगळ्यांनी म्हणायचं. पेटी सुरू झाली. पहिलं कडवं नीट गेलं. मग धृपद आलं. ते मास्तरांनी लिहिलं होतं असं:

*दे आमच्या गावा शांती, प्रभू, दे आमच्या गावा शांती.*

आळीनं म्हटलं, एकमुखानं, पुस्तिकेत बघून:

*दे आमच्या गावा शेती, प्रभू, दे आमच्या गावा शेती.*

माझ्या पायाखालची वाडी सरकली. मी पुस्तिका उघडली. शेती. दोनदा. चार कडवी, प्रत्येकाखाली दोनदा. शांती अनुस्वारासकट गेली होती. नीलानं माझ्याकडे पाहिलं नाही, फक्त तिचं कोपर माझ्या बरगडीत आलं. मास्तर पेटीपाशी उभे होते. त्यांचं तोंड उघडं होतं, पण त्यातून गाणं येत नव्हतं. फादर एका ओळीनंतर अडखळले, आणि मला वाटलं, आता थांबवणार.

पण कोणी थांबेना. दुसऱ्या कडव्यानंतर धृपद आलं तेव्हा आवाज आधीपेक्षा मोठा होता. मागे एक म्हातारा होता, धोतर गुडघ्यापर्यंत, हात मातीचे. तो शेजाऱ्याला म्हणाला, "मास्तरानं बरोबर लिहिलंय रे. शांतीचं मागं कायतरी करू." शेजारी हसला आणि दोघं जोरात म्हणायला लागले. तिसऱ्या वेळी सगळी आळी म्हणत होती. ज्यांच्या वाडीपलीकडे बिल्डिंगीचे खांब उभे राहिले होते ते तर डोळे मिटून म्हणत होते. मास्तरांनी एकदा क्रुसाकडे पाहिलं, खांदे उडवले आणि स्वतःच्या गाण्यात सामील झाले. मागे पास्कू मात्र ओठ मिटून उभा होता. चौथ्या कडव्याला मी वळून पाहिलं. म्हणत होता. खालच्या आवाजात, जमिनीकडे बघत.

सिस्टर वळल्या नाहीत. पण त्यांचा आवाज मला ओळखू आला. वॉर्डातला नव्हता तो. कोणाला खाटेवर परत पाठवणारा नव्हता.

चणे खाताना मी त्यांच्या समोर जायचं टाळत होतो. बायका त्यांना घेरून उभ्या होत्या, "सिस्टर, उद्या लवकर ये गं," असं म्हणत होत्या. 'या' नाही, 'ये गं'.

पावसाळ्याच्या तोंडावर सिस्टरनी पास्कूला सांगितलं की मागचा तुकडा द्यायचा नाही, तिथे केळी त्या स्वतः लावून घेणार. पास्कू भांडला म्हणे, पण मनापासून नाही. आणि फ्लॅट भाड्यानं द्यायचा असं त्यांनी सावंतांना कळवलं. पुढे त्या शेवटपर्यंत गिरीजलाच राहिल्या. आळीतल्या म्हाताऱ्यांची दुखणी बघायच्या, केळीची खोडं तपासायच्या. ते सगळं मी जाऊन-येऊन पाहिलं. पण सिस्टर म्हटलं की मला दिसतो तो त्यांचं सामान भरून बिल्डिंगखाली उभा असलेला टेंपो.

सगळी बिल्डिंग खाली उतरली होती. सावंत पदर नसलेल्या माणसानं डोळे कसे पुसावेत या अडचणीत होते. सिस्टर ड्रायव्हरशेजारी चढून बसल्या होत्या. मी खिडकीपाशी गेलो. माझ्या एका टायपिंगच्या चुकीपायी मी अशी शेजारीण घालवून बसलो होतो. जे सुचलं ते बोललो. "सिस्टर, त्या गीताचं... पुढच्या वर्षी मी दुरुस्त करून देतो. अगदी शपथेवर. तुम्हाला दाखवून."

"काही दुरुस्त करू नकोस," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी पिशवी मांडीवर नीट घेतली आणि ड्रायव्हरला निघायची खूण केली. टेंपो सुरू झाला तसा त्यांना आवाज पहिल्यांदाच चढवावा लागला. "काना द्यायचा तिथे मात्रा दिलीस रे! चुकीची मात्रा! पण लागू पडली!"